पूलमधून मिळालेल्या कनेक्शनच्या आत: डेटाबेसच्या खास सोयी वापरण्याची सुरक्षित रीत

दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी जोर धरते आणि वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रांवर गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडीची काटापट्टी, म्हणजे भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, ओलाव्याचे प्रमाण आणि ठरलेला भाव, केंद्रावरच्या लॅपटॉपवर नोंदवली जाते. गावात लाइनचा आणि नेटवर्कचा भरवसा नसल्यामुळे या नोंदी दिवसभर लॅपटॉपवरच राहतात आणि संध्याकाळी त्यांची एक सीएसव्ही फाइल मुख्य सर्व्हरकडे येते. शेतकऱ्याचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, याच नोंदींवरून निघतो, त्यामुळे ही फाइल लवकर आणि बिनचूक भरली जाणे ही आमच्या कामातली सर्वांत नाजूक गोष्ट आहे.

आमचा प्रोग्राम जावा आणि स्प्रिंग बूटमध्ये लिहिलेला असून मागे पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस आहे. हजारो ओळी एकेक इन्सर्टने भरण्याऐवजी पोस्टग्रेसची ‘कॉपी’ ही आज्ञा वापरली की काम फार जलद होते. परंतु ही सोय जावाच्या सर्वसाधारण कनेक्शनवर उपलब्ध नाही, ती पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरच्या (जावा आणि डेटाबेस यांना जोडणाऱ्या लायब्ररीच्या) स्वतःच्या ‘पीजीकनेक्शन’ या इंटरफेसवर आहे. टीममध्ये नव्याने आलेली मुले-मुली म्हणून डेटासोर्सकडून, म्हणजे कनेक्शन पुरवणाऱ्या वस्तूकडून, कनेक्शन घेतात, त्याला सरळ पीजीकनेक्शनमध्ये कास्ट करतात (त्याचा प्रकार पीजीकनेक्शनच आहे असे धरून चालतात) आणि ‘हिकारीप्रॉक्सीकनेक्शन’चे पीजीकनेक्शन करता येत नाही असे सांगणारे क्लासकास्ट एक्सेप्शन त्यांच्यापुढे येते. हा लेख त्या ठिकाणी अडलेल्या वाचकासाठी आहे. क्लास, मेथड आणि सेटिंग यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रोग्राममध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतात.

कनेक्शनवर आवरण का असते

पोस्टग्रेस प्रत्येक नव्या कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस सुरू करतो, शिवाय ओळख पटवण्याची देवाणघेवाण होते, आणि हे प्रत्येक विनंतीसाठी करणे परवडत नाही. म्हणून काही कनेक्शने आधीच उघडून ठेवली जातात आणि आळीपाळीने वापरली जातात. त्या साठ्याला पूल म्हणतात. 2018 मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट 2.0 पासून त्यातला मूळचा पूल हिकारीसीपी हा आहे आणि तुम्ही काही वेगळे सांगितले नाही, तर तो जास्तीत जास्त 10 कनेक्शने ठेवतो.

पूल तुमच्या हाती मूळ कनेक्शन देत नाही. तो त्यावर एक आवरण चढवतो, कारण तुम्ही ‘क्लोज’ म्हटल्यावर कनेक्शन खरोखर तुटायला नको, ते साठ्यात परत जायला हवे. हे आवरण आणखीही कामे करते: तुम्ही उघडलेली स्टेटमेंट्स लक्षात ठेवून ती शेवटी बंद करते, ऑटोकमिट (प्रत्येक विधान आपोआप कायम करण्याचे सेटिंग) किंवा स्कीमा तुम्ही बदलला असेल तर तो पूर्ववत करते आणि अर्धवट राहिलेले ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच कायम किंवा रद्द होणारा बदलांचा गट, मागे घेते. पुढच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात की, आवरणाला फक्त आवरणातून गेलेलेच व्यवहार माहीत असतात.

जिनिंगमध्ये प्रेसमधून निघालेली रुईची गाठ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजायला सोपे जाईल. सुमारे 170 किलोची ती गाठ बारदानात आवळलेली असते आणि रुईची प्रत पाहणारा माणूस ती गाठ फोडत नाही. तो बारदानाला लहानशी चीर देऊन मूठभर नमुना काढतो आणि गाठ होती तशीच राहते. आपल्यालाही आवरण तसेच ठेवून आतल्या ड्रायव्हरपर्यंत हात पोहोचवायचा आहे.

पहिली पायरी: आत जाण्याची गरज आहे का, हे ठरवा

नवोदितांकडून मी हा प्रश्न सर्वांत आधी सोडवून घेतो, कारण निम्म्या वेळा आत जाण्याची गरजच नसते. डेटाबेसच्या अनेक खास सोयी या निव्वळ एसक्यूएलच्या सोयी आहेत आणि त्यांना साधे कनेक्शन पुरते. पोस्टग्रेसमधील ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’, ‘रिटर्निंग’ आणि ॲडव्हायझरी लॉक या सगळ्यांसाठी नेहमीचे प्रिपेअर्ड स्टेटमेंट चालते. जेसनबी (जेसन साठवणाऱ्या) रकान्यात मजकूर घालायचा असेल, तर एसक्यूएलमधील प्रश्नचिन्हापुढे जेसनबीचा कास्ट लिहिला की काम होते.

जेडीबीसी या जावातून डेटाबेसशी बोलण्याच्या प्रमाणित व्यवस्थेतही अनेकांना ठाऊक नसलेल्या मेथड आहेत. पोस्टग्रेसच्या ॲरे रकान्यासाठी ‘क्रिएटॲरेऑफ’ ही मेथड कनेक्शनवरच आहे, आणि कोणते कनेक्शन कोणत्या कामासाठी चालू आहे हे सर्व्हरला कळवण्यासाठी ‘सेटक्लायंटइन्फो’ वापरून ‘ॲप्लिकेशननेम’ देता येते. ओळींची संख्या शेकड्यांत असेल, तर बॅच इन्सर्ट पुरेसा होतो. पोस्टग्रेसच्या कनेक्शन यूआरएलमध्ये ‘रीराइटबॅचडइन्सर्ट्स’ ट्रू केले, तर ड्रायव्हर त्या बॅचमधील अनेक इन्सर्टचे एकत्रित इन्सर्ट करतो आणि वेगात स्पष्ट फरक पडतो. आमच्या लहान केंद्रांच्या फाइली आम्ही आजही असेच भरतो.

हे सगळे वगळल्यावर जे उरते त्यासाठीच आत जावे. पोस्टग्रेसच्या बाबतीत त्यात मुख्यतः कॉपीची सोय, सूचना ऐकण्याची सोय आणि लार्ज ऑब्जेक्ट यांचा समावेश होतो.

दुसरी पायरी: ड्रायव्हर कंपाइल करताना दिसला पाहिजे

स्प्रिंग बूटचा नवा प्रोजेक्ट तयार करताना पोस्टग्रेसचा ड्रायव्हर मेव्हन या बिल्ड साधनात ‘रनटाइम’ स्कोपने जोडला जातो. याचा अर्थ प्रोग्राम चालताना तो असतो, पण कंपाइल होताना नसतो, आणि पीजीकनेक्शन इम्पोर्ट केले की कंपायलर असा क्लास नाही म्हणतो. मेव्हनमध्ये ती स्कोपची ओळ काढावी आणि ग्रेडलमध्ये ‘रनटाइमओन्ली’च्या जागी ‘इम्प्लिमेंटेशन’ लिहावे. हा बदल लहान असला, तरी आपला प्रोग्राम आता एका विशिष्ट डेटाबेसशी बांधला गेला आहे, याची ती नोंदच असते. म्हणून तो केल्याचे कमिट संदेशात स्पष्ट लिहिणे मला योग्य वाटते.

तिसरी पायरी: कास्ट न करता अनरॅप

जेडीबीसीच्या 4.0 आवृत्तीत, म्हणजे 2006 च्या अखेरीस आलेल्या जावा 6 बरोबर, ‘रॅपर’ नावाचा एक लहान इंटरफेस आला. कनेक्शन, स्टेटमेंट, रिझल्टसेट, डेटासोर्स हे सगळे त्यातूनच निघतात, त्यामुळे त्यातील दोन मेथड तुम्हाला प्रत्येक ठिकाणी मिळतात. ‘इजरॅपरफॉर’ला एखाद्या इंटरफेसचा क्लास दिला की, आत कुठेतरी तो इंटरफेस पाळणारी वस्तू आहे की नाही, ते होय किंवा नाही या रूपात कळते. ‘अनरॅप’ला तोच क्लास दिला की ती वस्तू हाती येते, आणि नसेल तर एसक्यूएल एक्सेप्शन मिळते. एकावर एक दोन-तीन आवरणे असतील, तर प्रत्येक आवरण आपल्या आतल्याला हाच प्रश्न विचारते. तुम्हाला थर मोजावे लागत नाहीत.

म्हणून लिहिण्याचा क्रम असा असावा: डेटासोर्सकडून मिळालेले कनेक्शन ‘कनेक्शन’ याच प्रकाराच्या व्हेरिएबलमध्ये ठेवावे, त्याला इजरॅपरफॉरने पीजीकनेक्शनबद्दल विचारावे, होकार आल्यावर अनरॅप करून पीजीकनेक्शन घ्यावे आणि त्याच्यावर ‘गेटकॉपीएपीआय’ चालवून कॉपीमॅनेजर मिळवावा. नकार आला, तर पुढे न जाता आत कोणता ड्रायव्हर आहे ते सांगणारा स्पष्ट संदेश द्यावा.

अनरॅपला देण्याचा प्रकार नेहमी ड्रायव्हरने जाहीर केलेला इंटरफेस असावा, त्याच्या आतला क्लास नसावा. पोस्टग्रेसमध्ये ‘ऑर्ग डॉट पोस्टग्रेसक्यूएल’ या पॅकेजमधले पीजीकनेक्शन मागावे. त्याखालच्या ‘जेडीबीसी’ पॅकेजमध्ये जवळजवळ त्याच नावाचा क्लास आहे आणि एडिटर आपणहून तो सुचवतो, परंतु तो ड्रायव्हरचा अंतर्गत भाग आहे व पुढच्या आवृत्तीत बदलू शकतो.

जुन्या प्रोग्राममध्ये याच कामाच्या वेगळ्या रीती आढळतील. अपाचे डीबीसीपीमध्ये ‘गेटइनरमोस्टडेलिगेट’ असे आणि त्यासाठी मूळ कनेक्शनपर्यंत जाण्याची परवानगी देणारे सेटिंग आधी चालू करावे लागे, जेबॉसमध्ये ‘गेटअंडरलाइंगकनेक्शन’ होते, आणि स्प्रिंगमध्ये प्रत्येक पूलसाठी ‘नेटिव्हजेडीबीसीएक्स्ट्रॅक्टर’ होता, जो स्प्रिंग 5 मध्ये काढून टाकण्यात आला. अशा ओळी दिसल्या तर त्यांच्या जागी अनरॅप लिहावे; पूल बदलला तरी ती ओळ बदलावी लागत नाही.

चौथी पायरी: चालू ट्रान्झॅक्शनचेच कनेक्शन घ्या

येथे थोडे थांबून नीट समजून घ्यावे लागते. समजा, तुमच्या सर्व्हिसच्या मेथडवर ‘ट्रान्झॅक्शनल’ लिहिलेले आहे. तिच्यात तुम्ही आलेल्या फाइलची एक नोंद जेपीएने (जावाच्या वस्तू टेबलमध्ये साठवण्याच्या प्रमाणित व्यवस्थेने) करता आणि मग काटापट्ट्या भरण्यासाठी डेटासोर्सवर थेट ‘गेटकनेक्शन’ म्हणता. जेपीए ज्या कनेक्शनवर काम करीत आहे, ते तुम्हाला मिळत नाही. पूलमधून दुसरेच कनेक्शन मिळते. त्या दुसऱ्या कनेक्शनला पहिल्याने लिहिलेली, पण अजून कमिट न झालेली नोंद दिसत नाही. त्यामुळे फॉरिन की (दुसऱ्या टेबलमध्ये संबंधित ओळ असलीच पाहिजे असे बंधन) असेल, तर कॉपी तशी ओळ नाही म्हणून नाकारली जाते, आणि फॉरिन की नसेल, तर कॉपी झालेल्या ओळी पहिले ट्रान्झॅक्शन मागे घेतल्यावरही तशाच राहतात.

याहून कठीण प्रसंग संध्याकाळी येतो. सगळी केंद्रे साधारण एकाच वेळी फाइली पाठवतात. दहा विनंत्यांनी प्रत्येकी एक कनेक्शन धरले आणि प्रत्येकजण दुसरे मागू लागला, तर पूलमध्ये द्यायला काहीच उरत नाही. सगळे एकमेकांची वाट पाहत बसतात आणि हिकारीची मूळची 30 सेकंदांची मुदत संपल्यावर एकामागून एक अपयशी ठरतात. पूलचा आकार वाढवून हा दोष जात नाही, फक्त पुढच्या गर्दीच्या दिवसापर्यंत लपतो.

उपाय असा की, चालू ट्रान्झॅक्शनला बांधलेलेच कनेक्शन मागावे. जेडीबीसीटेम्प्लेट वापरत असाल, तर त्याच्या ‘एक्झिक्यूट’ मेथडला कनेक्शन कॉलबॅक द्यावा. त्यात मिळणाऱ्या कनेक्शनवरही आवरण असते, पण ते अनरॅपला नीट उत्तर देते. टेम्प्लेटशिवाय काम करायचे असेल, तर ‘डेटासोर्सयुटिल्स’कडून कनेक्शन घ्यावे आणि त्याच्याकडेच परत द्यावे. जेपीएच्या बाजूने जायचे असेल, तर एंटिटी मॅनेजरला हायबरनेटच्या (जेपीए प्रत्यक्ष चालवणाऱ्या लायब्ररीच्या) सेशनमध्ये अनरॅप करून ‘डूवर्क’ किंवा, उत्तर परत हवे असेल तर, ‘डूरिटर्निंगवर्क’ वापरावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. हायबरनेट आपली इन्सर्ट विधाने लगेच पाठवतोच असे नाही. तो ती साठवून कमिटच्या वेळी पाठवू शकतो. म्हणून कॉपीपूर्वी एंटिटी मॅनेजरवर ‘फ्लश’ करावे, नाहीतर कनेक्शन एकच असूनही मुख्य नोंद अजून डेटाबेसमध्ये पोहोचलेली नसते आणि फॉरिन कीची चूक येते. ही चूक शोधण्यात नवोदितांचा पूर्ण दिवस जाताना मी पाहिला आहे.

पाचवी पायरी: कॉपी चालवणे

आम्ही फाइल थेट मुख्य टेबलमध्ये भरत नाही. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी एक तात्पुरते टेबल करतो आणि त्याला ‘ऑन कमिट ड्रॉप’ जोडतो, म्हणजे कमिट होताच ते आपोआप नाहीसे होते. मग कॉपीमॅनेजरच्या ‘कॉपीइन’ मेथडला ‘कॉपी फ्रॉम एसटीडीइन’ ही आज्ञा आणि फाइलचा इनपुटस्ट्रीम देतो. आज्ञेत फॉरमॅट सीएसव्ही, पहिली ओळ शीर्षकाची असल्याचे ‘हेडर’ आणि एन्कोडिंग यूटीएफ 8 असल्याचे स्पष्ट लिहितो, कारण शेतकऱ्यांची आणि गावांची नावे देवनागरीत असतात आणि ती बिघडलेली दुसऱ्या दिवशी केंद्रावर लक्षात येणे फार त्रासाचे होते. कॉपीइन किती ओळी भरल्या ते परत सांगते. हा आकडा केंद्राने फाइलबरोबर पाठवलेल्या संख्येशी ताडून पाहावा. त्यानंतर तात्पुरत्या टेबलमधून मुख्य टेबलमध्ये ‘इन्सर्ट सिलेक्ट’ करावे आणि केंद्राचा क्रमांक व काटापट्टीचा क्रमांक यांच्या जोडीवर ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ लावावे. नेटवर्क तुटल्यामुळे केंद्रचालकाने तीच फाइल दोनदा पाठवली, तरी एकाच गाडीचा चुकारा दोनदा निघत नाही.

सीएसव्ही फॉरमॅटमध्ये अवतरणचिन्हांशिवायची मोकळी जागा ‘नल’ समजली जाते आणि अवतरणचिन्हांतील मोकळी जागा रिकामा मजकूर समजली जाते. ओलावा मोजलाच नसेल तर तो रकाना खरोखर मोकळा असावा, कारण आकड्याच्या रकान्यात रिकामा मजकूर आला की कॉपी तेथेच थांबते.

एका ओळीत चूक असली, तर सबंध कॉपी रद्द होते. 2024 मध्ये आलेल्या पोस्टग्रेस 17 मध्ये ‘ऑनएरर इग्नोर’ हा पर्याय मिळाला असून प्रकार न जुळणाऱ्या ओळी त्यामुळे वगळता येतात. हवामानाच्या नोंदींसाठी मी तो आनंदाने वापरीन. ज्या ओळीमागे कोणाच्या तरी वर्षभराच्या पिकाचे पैसे आहेत, तेथे ओळ मुकाट्याने वगळणे मला मान्य नाही. आमच्याकडे तात्पुरत्या टेबलचे सर्व रकाने मजकुराच्या प्रकाराचे असतात, त्यामुळे कॉपी सहसा अडत नाही. तपासणी नंतर एसक्यूएलने होते आणि चुकलेल्या ओळींची यादी केंद्राकडे परत जाते.

सहावी पायरी: घेतले तसे परत देणे

गावात फवारणीचा पंप अनेकदा मागून आणला जातो. एखाद्याने तो धुऱ्यावर 2,4-डी हे तणनाशक मारायला नेला आणि न धुता परत केला, तर पुढचा माणूस त्यातच कीटकनाशक भरून कपाशीवर फवारतो आणि दोन दिवसांत पाने आकसून जातात. दोष ज्याच्या शेतात दिसतो त्याचा तो नसतो, आणि म्हणूनच तो शोधणे कठीण असते. पूलमधल्या कनेक्शनचे तंतोतंत असेच आहे: तुम्ही आत जाऊन जे बदलले ते पुढच्या, तुमच्याशी काहीही संबंध नसलेल्या विनंतीला भोवते.

मूळ कनेक्शनवर कधीही ‘क्लोज’ म्हणू नये; तसे केल्यास ते पूलच्या नकळत खरोखर तुटते. बंद करायचे असते ते आवरण. मूळ कनेक्शन क्लासच्या फील्डमध्ये साठवून ठेवू नये, कारण आवरण परत गेल्यावर तेच कनेक्शन दुसऱ्या थ्रेडच्या हाती असते आणि तुमचा जुना संदर्भ अजूनही त्यावर चालत असतो. ऑटोकमिट, स्कीमा, रीडओन्ली हे बदलायचे असतील, तर ते आवरणावरच्या मेथडने बदलावे. हिकारी फक्त त्या मार्गाने झालेले बदल लक्षात ठेवून पूर्ववत करतो.

एसक्यूएलमधली ‘सेट’ आज्ञा तर आवरणातून चालवली तरी पूलला समजत नाही. वेग वाढावा म्हणून कोणी ‘सिंक्रोनसकमिट’ बंद केले आणि तसेच सोडले, तर पुढे त्याच कनेक्शनवर चुकाऱ्याची नोंद होते, प्रोग्राम कमिट झाल्याचे सांगतो, आणि त्याच क्षणी सर्व्हरची लाइन गेली, तर ती नोंद नाहीशी झालेली असू शकते. म्हणून ‘सेट लोकल’ लिहावे. त्याचा परिणाम चालू ट्रान्झॅक्शनपुरताच राहतो.

सर्वांत खोल खड्डा ट्रान्झॅक्शनचा आहे आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. पहिल्या हंगामात मी स्प्रिंगचे ट्रान्झॅक्शन न वापरता हाताने ऑटोकमिट बंद केले, कनेक्शन अनरॅप करून कॉपी थेट मुख्य टेबलमध्ये केली आणि ओळींची संख्या जुळली नाही म्हणून एक्सेप्शन फेकले. कनेक्शन ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये असल्यामुळे ते आपोआप बंद झाले आणि पूल सगळे मागे घेईल, असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात स्क्रीनवर ‘फाइल नाकारली’ असे दिसत होते आणि टेबलमध्ये त्या अर्धवट ओळी कायमच्या नोंदल्या गेल्या होत्या. केंद्राने दुरुस्त फाइल पुन्हा पाठवली आणि त्या दिवसाच्या यादीत अनेक शेतकऱ्यांची रक्कम दुप्पट दिसली. पैसे जाण्यापूर्वी हिशोबनिसाच्या लक्षात आले म्हणून निभावले.

याचे कारण दोन नियमांच्या जोडीत आहे. कनेक्शन परत येताना हिकारी रोलबॅक करतो, पण त्या ट्रान्झॅक्शनमध्ये काही काम झाल्याचे आवरणाला दिसले असेल तरच. कॉपी आवरणाबाहेरून गेल्यामुळे आणि त्याशिवाय एकही स्टेटमेंट चालले नसल्यामुळे, त्याच्या लेखी काहीच घडले नव्हते. त्यानंतर त्याने ऑटोकमिट पुन्हा चालू केले, आणि जेडीबीसीचा नियम असा आहे की ट्रान्झॅक्शन चालू असताना ऑटोकमिट बदलले, तर ते ट्रान्झॅक्शन कमिट होते. रोलबॅक टळला आणि कमिट मात्र झाला. म्हणून हाताने ट्रान्झॅक्शन चालवत असाल, तर कॅच भागात आवरणावर स्पष्टपणे ‘रोलबॅक’ लिहावे. स्प्रिंगचे ट्रान्झॅक्शन असेल, तर रनटाइम एक्सेप्शन आल्यावर तो रोलबॅक स्प्रिंग स्वतः करतो, आणि मला तोच मार्ग नवोदितांसाठी श्रेयस्कर वाटतो. चेक्ड एक्सेप्शनवर मात्र स्प्रिंग मुळात रोलबॅक करीत नाही, कमिट करतो. कॉपीइन एसक्यूएल एक्सेप्शन आणि आयओ एक्सेप्शन फेकते आणि ही दोन्ही चेक्ड आहेत. त्यामुळे ती पकडून रनटाइम एक्सेप्शनमध्ये गुंडाळावीत, किंवा ट्रान्झॅक्शनल लिहिताना ‘रोलबॅकफॉर’ द्यावे.

सूचना ऐकायच्या असतील तर

फाइल भरून झाली की मुख्य कार्यालयातील स्क्रीन ताजी व्हावी, यासाठी पोस्टग्रेसची ‘लिसन’ आणि ‘नोटिफाय’ ही जोडी उपयोगी पडते. नोटिफाय पाठवणे साध्या एसक्यूएलने होते आणि ती सूचना कमिट झाल्यावरच पोहोचते. ऐकण्यासाठी मात्र पीजीकनेक्शनवरील ‘गेटनोटिफिकेशन्स’ लागते आणि येथे पूलचे कनेक्शन अनरॅप करून वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. ऐकणारे कनेक्शन दिवसभर धरून ठेवावे लागते, म्हणजे दहापैकी एक कायमचे गेले. आणि ते परत दिले, तर लिसन त्याच्यावर तसेच चिकटून राहते. त्याऐवजी ड्रायव्हरमॅनेजरकडून एक वेगळे कनेक्शन उघडावे आणि ते एका स्वतंत्र थ्रेडकडे द्यावे. ते तुटल्यास पुन्हा जोडून पुन्हा लिसन करावे लागते आणि मधल्या काळातल्या सूचना मिळत नाहीत, त्यामुळे जोडणी झाल्याबरोबर टेबल एकदा वाचून घ्यावे. सूचनेतला मजकूर 8000 बाइटपेक्षा कमी असावा लागतो. फाइलचा क्रमांक पाठवला तरी पुरते. मध्ये पीजीबाउन्सर (जावाबाहेर चालणारा वेगळा पूल) ट्रान्झॅक्शन पद्धतीने चालू असेल, तर लिसन चालत नाही आणि अनरॅपने त्यावर उपाय होत नाही, कारण ते आवरण जावात नसून सर्व्हरच्या दारात असते.

इतर डेटाबेस

रीत तीच राहते, मागायचा प्रकार बदलतो. ऑरॅकलमध्ये क्रिएटॲरेऑफ चालत नाही, म्हणून ‘ऑरॅकल डॉट जेडीबीसी’ पॅकेजमधील ऑरॅकलकनेक्शन अनरॅप करून ‘क्रिएटऑरॅकलॲरे’ वापरावे लागते. मायएसक्यूएलमध्ये फाइल स्ट्रीममधून भरायची असेल, तर कनेक्शन नव्हे, स्टेटमेंट अनरॅप करावे लागते, आणि ‘अलाउलोडलोकलइन्फाइल’ मुळात बंद असल्यामुळे ते चालू करावे लागते.

चाचणी आणि बिघाड शोधणे

अनरॅपची ओळ सबंध प्रोग्राममध्ये एकाच क्लासमध्ये असावी. आमच्याकडे ‘काटापट्टीलोडर’ नावाचा इंटरफेस आहे; बाकीच्या प्रोग्रामला फक्त तो ठाऊक असतो आणि पीजीकनेक्शन हे नाव त्याच्या एकाच इम्प्लिमेंटेशनमध्ये येते. चाचणीत पोस्टग्रेसऐवजी एचटू हा छोटा डेटाबेस वापरला तर इजरॅपरफॉर नकार देते, आणि मग फक्त चाचणीसाठी बॅच इन्सर्टचा दुसरा मार्ग लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मग जो मार्ग खरोखर चालणार आहे त्याचीच चाचणी होत नाही. टेस्टकंटेनर्स (चाचणीपुरता खरा डेटाबेस कंटेनरमध्ये चालवणारी लायब्ररी) चालवण्याइतकी मेमरी लॅपटॉपवर नसेल, तर पोस्टग्रेस थेट लॅपटॉपवर बसवून चाचणीसाठी वेगळा डेटाबेस ठेवावा.

सर्व्हरवर इजरॅपरफॉरने अनपेक्षित नकार दिला, तर आधी कनेक्शनच लॉगमध्ये छापून पाहावे. हिकारीचे आवरण स्वतःचे नाव आणि आत काय गुंडाळले आहे ते दोन्ही सांगते. आत पोस्टग्रेसचाच ड्रायव्हर दिसत असूनही नकार येत असेल, तर ड्रायव्हरची जार दोन ठिकाणी आहे का ते पाहावे. ॲप्लिकेशन सर्व्हरच्या लिब फोल्डरमध्ये एक आणि आपल्या वॉर फाइलमध्ये दुसरी असेल, तर दोन वेगळे क्लासलोडर ती वाचतात आणि नाव एकच असले तरी जावाच्या दृष्टीने ते दोन भिन्न इंटरफेस ठरतात. अशा वेळी वॉरमधील जार काढून मेव्हनमध्ये स्कोप ‘प्रोव्हायडेड’ करावा.

पहिल्यांदा प्रत्यक्ष फाइली येतील त्या संध्याकाळी ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ हा पोस्टग्रेसचा व्ह्यू उघडा ठेवावा. त्यातील ‘स्टेट’ रकान्यात ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असे लिहिलेली एखादी ओळ फाइली भरून झाल्यावरही टिकून राहिली, तर तिचे ॲप्लिकेशननेम आणि शेवटची क्वेरी पाहावी. ती कॉपीची असेल, तर अनरॅप केल्यानंतरच्या कोणत्या वाटेवर रोलबॅक किंवा कमिट राहून गेला आहे, ते त्याच रात्री शोधावे, दुसऱ्या दिवशीच्या चुकाऱ्याची यादी निघण्यापूर्वी.